साथीच्या काळी मनःप्रसाद

शरीराला जडलेल्या रोगाची लक्षणे वैद्य सांगतो. परंतु रोग अंगाला शिवण्यापूर्वीच, केवळ त्याच्या वार्तेने, मनाला जो ज्वर चढतो त्याची लक्षणे श्रीमद्भगवद्गीतेच्या पहिल्याच अध्यायात आलेली आहेत. अर्जुनाची गात्रे गळून गेली, तोंडाला कोरड पडली, अंगाला कंप सुटला, त्वचेचा दाह होऊ लागला, हातातले गांडीव निसटू लागले, उभे राहणेही कठीण झाले आणि मन भोवंडल्यासारखे झाले. इतके सांगून तो थांबत नाही. आपणाला अशुभ चिन्हे दिसत आहेत, असेही तो म्हणतो. युद्ध अद्याप सुरू व्हावयाचे होते. जे घडलेले नाही त्याने एका महापराक्रमी पुरुषाची ही दशा केली होती.

येथे एक शंका संभवते. अर्जुनाचा विषाद स्वतःच्या प्राणभयाचा नव्हता, तो स्वजनांविषयीच्या मोहातून उत्पन्न झाला होता. मग साथीच्या भयाशी त्याची तुलना कशी होईल? याचे उत्तर असे की, साथीच्या दिवसांत गृहस्थाचे भयदेखील बहुधा स्वतःपुरते नसते. घरातील वृद्ध माता-पिता, लहान मुले, गर्भवती सून, कामासाठी रोज बाहेर जाणारा मुलगा, यांच्या चिंतेनेच त्याचे मन पोखरले जाते. ‘माझी माणसे’ हीच दोन्हीकडील गाठ आहे. म्हणून पहिल्या अध्यायातील अर्जुन हा प्रत्येक घरातील कर्त्या माणसाचा प्रतिनिधी समजावयास हरकत नाही.

आवडीचे उदाहरण

हा विचार नुसत्या तत्त्वचर्चेत राहू नये म्हणून एका विशिष्ट स्थळाचे उदाहरण घेऊ. चेन्नई महानगराच्या पश्चिमेस, तिरुवळ्ळूर जिल्ह्यात आवडी हे शहर आहे. १९५५ साली येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले, त्यामुळे हे नाव देशभर झाले. पुढे येथे रणगाड्यांचा कारखाना आणि सैनिकी गणवेश शिवणारा कारखाना निघाला. संरक्षण खात्याच्या अशा वसाहतींत देशाच्या अनेक प्रांतांतील कुटुंबे शेजारी शेजारी राहतात.

२०२० च्या मार्च महिन्यात चेन्नईत कोविडचा पहिला रुग्ण आढळला आणि २५ मार्चपासून सर्व देशात टाळेबंदी झाली. मे महिन्यात कोयंबेडूचा प्रचंड घाऊक बाजार रोगप्रसाराचे केंद्र ठरला. ५ मे रोजी तो बंद करून भाजीपाल्याचा व्यापार आवडीपासून फार दूर नसलेल्या तिरुमळिसै येथे हलवावा लागला. १९ ते ३० जून या काळात चेन्नई आणि तिला लागून असलेल्या जिल्ह्यांच्या काही भागांत पुन्हा कडक टाळेबंदी आली. रोज दारात येणारी भाजीची पिशवी, दुधाची पिशवी, वर्तमानपत्र, एवढेच नव्हे तर शेजाऱ्याचा खोकलाही संशयाचा विषय झाला. देशातील लक्षावधी घरांत त्या दिवसांत हेच घडत होते.

परंतु भय केवळ घरात बसून राहत नाही. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये, कोविडने मृत्यू पावलेल्या एका डॉक्टरांच्या दहनाला आवडीशेजारच्या अंबत्तूर येथे विरोध झाला. १९ एप्रिलच्या रात्री तर याहून दुःखद प्रसंग घडला. मेंदूच्या शस्त्रक्रियेत निष्णात असलेले एक डॉक्टर याच रोगाने निवर्तले. त्यांचा देह किल्पौक येथील दफनभूमीकडे नेला असता तेथे जमाव आडवा आला. म्हणून तो अण्णानगरजवळच्या वेलंगाडू येथे नेला, तेव्हा तेथील जमावाने दगड आणि काठ्यांनी रुग्णवाहिकेवर हल्ला केला. अखेर त्यांच्या एका सहकारी डॉक्टरांनी, दोन सेवकांना बरोबर घेऊन, पोलिसांच्या संरक्षणात स्वतःच्या हातांनी त्यांना मूठमाती दिली. मद्रास उच्च न्यायालयाने या घटनेची आपण होऊन दखल घेतली, आणि त्याच महिन्यात तमिळनाडू शासनाला अध्यादेश काढून अशा अंत्यसंस्काराला अडथळा आणणे हा दंडनीय अपराध ठरवावा लागला.

दगड फेकणारे ते लोक कोणी दरोडेखोर नव्हते. ते संसारी लोक होते. त्यांच्याही घरी मुलेबाळे होती. मृताला अंतिम संस्कार मिळावा, हे त्यांनाही लहानपणापासून ठाऊक होते. मग ते ज्ञान त्या रात्री कोठे गेले? या प्रश्नाचे उत्तर गीतेत आहे, आणि ते प्रत्येक गृहस्थाने आपल्यापुरते शोधण्यासारखे आहे.

राग, भय आणि क्रोध

स्थितप्रज्ञाचे वर्णन करताना दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी ‘वीतरागभयक्रोध’ असे विशेषण योजले आहे. चौथ्या अध्यायात हेच विशेषण पुन्हा येते. पाचव्याच्या अखेरीस रागाच्या जागी इच्छा हा शब्द घालून हीच त्रयी तिसऱ्यांदा सांगितली आहे. तिन्ही ठिकाणी क्रम एकच, आणि तिन्ही ठिकाणी भय मध्यभागी आहे. हा क्रम मनन करण्यासारखा आहे.

येथे राग या शब्दाचा अर्थ मराठीतील संताप असा नव्हे. संस्कृतात राग म्हणजे आसक्ती, रंगून जाणे. ज्या वस्तूत मन रंगले ती जाईल असे वाटताच भय उत्पन्न होते. आणि ती हिरावून घेणारा कोणी समोर आहे असे वाटताच त्याच भयाचा क्रोध होतो. म्हणजे भय हे दोन अवस्थांमधले माजघर आहे. तेथे कोणी कायमचे राहत नाही. त्याला मागे तरी जावे लागते, नाही तर पुढे तरी. मागे जाऊन आसक्तीचे स्वरूप ओळखले तर भय विरघळते. तसे केले नाही तर ते पुढचे दार उघडून क्रोधात शिरते, आणि मग भाजीवाला, मोलकरीण, परिचारिका, बरा होऊन घरी परतलेला शेजारी, किंवा शववाहिकेतील निष्प्राण देह, यांपैकी कोणीही त्याला शत्रू वाटू लागतो.

क्रोधाच्या पुढची पायरीही दुसऱ्या अध्यायात दाखविली आहे. क्रोधापासून संमोह, संमोहापासून स्मृतीचा भ्रंश, आणि स्मृतिभ्रंशापासून बुद्धीचा नाश होतो. येथे स्मृती म्हणजे नुसती आठवण नव्हे. आपण कोण, आपला धर्म कोणता, याचे जागते भान म्हणजे स्मृती. वेलंगाडूच्या जमावाचे नेमके हेच हरपले होते.

भयाला धरून ठेवणारी धृती

भय मनात येणे हा अपराध आहे काय? नाही. अर्जुनाला कंप सुटला म्हणून भगवंतांनी त्याचा त्याग केला नाही. शीत-उष्ण, सुख-दुःख यांचे स्पर्श येतात आणि जातात, ते सोसावे, असेच त्यांनी आरंभी सांगितले. आलेली लाट अंगावरून जाते. दोष आहे तो तिला धरून ठेवण्यात.

अठराव्या अध्यायात धृतीचे तीन प्रकार सांगितले आहेत. धृती म्हणजे धारण करण्याचे बळ. तामसी धृतीचे लक्षण मोठे मार्मिक आहे: निद्रा, भय, शोक, विषाद आणि मद यांना जी सोडत नाही, ती तामसी. एरवी भित्र्या माणसाच्या ठिकाणी धैर्य नसते असे आपण म्हणतो. गीता म्हणते, त्याच्या ठिकाणीही धारणशक्ती आहे. परंतु ती भयालाच घट्ट कवटाळून बसली आहे. रात्री दोन वाजेपर्यंत मृतांचे आकडे पाहत जागणारा मनुष्य दुर्बळ नाही. दिवसभर कष्टलेल्या शरीराला जागे ठेवण्याइतके बळ त्याच्यापाशी आहे, मात्र ते चुकीच्या ठिकाणी खर्च होत आहे. म्हणून उपाय नवे बळ आणण्याचा नसून, आहे त्या बळाची पकड सोडवून ती सत्कार्यावर बसविण्याचा आहे.

भय आणि सावधपणा

येथे दुसरी शंका येते. भयच नसेल तर मनुष्य काळजी कशी घेईल? जो मुखपट्टी बांधत नाही, हात धूत नाही, लस टोचून घेत नाही, गर्दीत हिंडतो, तोही ‘मी निर्भय आहे’ असेच म्हणतो.

याचे समाधान गीतेने करून ठेवले आहे. सोळाव्या अध्यायातील दैवी संपत्तीत अभय हा पहिला गुण आहे खरा. परंतु अठराव्या अध्यायात सात्त्विक बुद्धीचे लक्षण सांगताना, कशाचे भय बाळगावे आणि कशाचे बाळगू नये हे जी जाणते, ती सात्त्विक, असे म्हटले आहे. तेव्हा अविचारी धिटाई ही गीतेची निर्भयता नव्हे. ज्याचे भय धरावे त्यापासून नियमपूर्वक दूर राहावे, ज्याचे धरू नये त्यापासून पळू नये, आणि हा भेद ज्ञानाने करावा, अफवेने करू नये.

अशा बुद्धीचा एक नमुना आवडीच्या जवळच पाहावयास मिळतो. अयपाक्कम येथे राष्ट्रीय साथरोगविज्ञान संस्था आहे. २०२० च्या मे-जूनमध्ये, लोक तर्ककुतर्कांनी व्याकुळ झालेले असताना, या संस्थेच्या पुढाकाराने देशातील २१ राज्यांच्या ७० जिल्ह्यांत सुमारे २८,००० प्रौढांचे रक्त तपासून, रोग नकळत किती जणांना होऊन गेला याची मोजणी करण्यात आली. हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी, ०.७३ टक्के, निघाले. संस्थेचे तत्कालीन संचालक डॉ. मनोज मुऱ्हेकर हे या कार्याच्या अग्रभागी होते. या आकड्याचे दोन्ही अर्थ ध्यानात घेण्यासारखे आहेत. रोग घरोघर पोहोचला आहे हा भ्रम त्याने दूर केला. आणि बहुसंख्य लोकांना अजून रोग व्हावयाचा आहे, म्हणून सावध राहिले पाहिजे, हेही दाखविले. शांतपणे मोजलेले सत्य भय घालविते आणि सावधपणा वाढविते. अफवा भय वाढविते आणि सावधपणा घालविते. कोणती वार्ता घरात येऊ द्यावी याची ही कसोटी प्रत्येकाला वापरता येईल.

हाताला काम

भयाची पकड सोडविण्याचा पहिला उपाय कर्म हा आहे. नुसते ‘घाबरू नको’ असे सांगून कोणाचेही भय गेलेले नाही. भगवंतांनीही अर्जुनाला ‘ऊठ’ असे सांगितले. मन एका वेळी एकाच ठिकाणी नीट बसते. हाताला विहित कर्म मिळाले की ते भयाच्या गादीवरून खाली उतरते.

आवडीचा गणवेशांचा कारखाना सैनिकांसाठी कपडे शिवतो. साथीच्या काळात तेथे वैद्य आणि परिचारिका यांच्यासाठी अंग झाकणारे संरक्षक पोशाख शिवण्यात आले. यंत्रे शिलाईची, हात शिंप्यांचे. केवळ वस्त्र बदलले. रोगाचे भय त्या कामगारांनाही असेलच. परंतु एका बाजूस भयाने दगड उचलणारे हात आणि दुसऱ्या बाजूस त्याच नगराच्या परिसरात त्याच वर्षी दुसऱ्याच्या रक्षणासाठी शिवण घालणारे हात, ही दोन चित्रे शेजारी ठेवून पाहावीत. तिसऱ्या अध्यायातील लोकसंग्रहाचा अर्थ त्यावरून भाष्यावाचून कळतो.

मराठी वाचकाला या धड्याची ओळख जुनी आहे. १८९७ साली पुण्यात प्लेगचा कहर झाला असता, लोक शहर सोडून जात होते. लोकमान्य टिळक शहरातच राहिले आणि त्यांनी हिंदूंसाठी प्लेगचे रुग्णालय उघडण्यात पुढाकार घेतला. सावित्रीबाई फुले आपले पुत्र डॉ. यशवंत यांच्यासह रुग्णांची शुश्रूषा करीत असता त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी निवर्तल्या. पुढे १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त लोकमान्यांनी गीतेचे तात्पर्य कर्मयोग असे मांडले; परंतु त्या कर्मयोगाची परीक्षा प्लेगच्या दिवसांत आधीच होऊन गेली होती.

गृहस्थाची चतुर्विध साधना

प्रत्येकाला रुग्णालय उघडता येत नाही, पोशाखही शिवता येत नाहीत. घरात राहून करण्याजोगी साधना गीतेने चार ठिकाणी सांगितली आहे.

पहिली युक्ततेची. सहाव्या अध्यायात आहार, विहार, कर्म, झोप आणि जागरण ही प्रमाणशीर ठेवणाऱ्याचाच योग दुःख दूर करणारा होतो, असे म्हटले आहे. साथीत प्रथम दिनचर्याच कोसळते. म्हणून उठण्याची, स्नानाची, जेवणाची, झोपण्याची वेळ ठरलेली असावी. घरातल्या घरात का होईना, शरीराला हालचाल असावी. मुलांच्या मनाला तर नियमित दिवस हाच सर्वांत मोठा धीर असतो.

दुसरी श्रवणाच्या संयमाची. ज्याचे सतत चिंतन करावे त्यात मन गुंतते, हा नियम सुखाच्या विषयाइतकाच भयाच्या विषयालाही लागू आहे. वार्ता दिवसातून एकदा, फार तर दोनदा, अधिकृत ठिकाणाहून ऐकावी. जेवताना आणि निजण्यापूर्वी ती ऐकू नये. डोळे मिटण्यापूर्वी जे पाहिले, तेच रात्रभर मनात घोळते.

तिसरी वाणीच्या तपाची. सतराव्या अध्यायात उद्वेग न करणारे, सत्य, प्रिय आणि हितकर बोलणे हे वाणीचे तप म्हटले आहे. ऐकलेली भयंकर गोष्ट पडताळून न पाहता दहा जणांना कळविणे हा या तपाचा भंग होय. बाराव्या अध्यायात ज्याच्यामुळे लोकांना उद्वेग होत नाही आणि लोकांमुळे ज्याला उद्वेग होत नाही, तो भगवंताला प्रिय, असे सांगितले आहे. येथे पहिला क्रम दुसऱ्यांना उद्वेग न देण्याचा आहे, हे लक्षात ठेवावे. घरी आजारी माणूस असेल तर त्याच्याशी बोलताना आवाजातही भीती उमटू देऊ नये. आणि तो बरा होऊन आला असता त्याला दुरून पाहून दार लावू नये.

चौथी मनाला परत आणण्याची. मन जेथे जेथे भटकेल तेथून तेथून त्याला आवरून पुन्हा आत्म्याच्या ठायी आणावे, असे सहावा अध्याय सांगतो. ‘भटकू देऊ नये’ असे न सांगता ‘परत आणावे’ असे सांगितले आहे, ही केवढी अनुकंपा! सकाळ-संध्याकाळ थोडा वेळ बसून नामस्मरण करावे, किंवा श्वासाकडे लक्ष द्यावे. मन शंभर वेळा गेले तर शंभर वेळा परत आणणे, हाच अभ्यास.

या चारींचे फळ म्हणजे सतराव्या अध्यायात मानस तपाच्या आरंभी सांगितलेला मनःप्रसाद. संस्कृतात पाणी निवळून तळ दिसू लागला म्हणजे त्याला प्रसन्न म्हणतात. गढूळ पाण्यात हात घालून गाळ बाहेर काढू गेल्यास पाणी अधिकच गढूळ होते. निवळीचे बी उगाळून घातले आणि भांडे स्थिर ठेवले, म्हणजे गाळ आपोआप खाली बसतो. मनाचेही तसेच आहे. भयाशी झोंबत बसू नये; साधनेची निवळी टाकावी आणि भांडे हलू देऊ नये.

शरण जाण्यात कमीपणा नाही

इतके करूनही काही जणांचे मन निवळत नाही. छातीत धडधड थांबत नाही, झोप येत नाही, अन्न गोड लागत नाही, दोन आठवडे उलटले तरी उदासी जात नाही, जगणे नकोसे वाटते. अशा माणसाला ‘तुझी श्रद्धा कमी पडते’ असे म्हणणे हे अज्ञान आणि निष्ठुरपणाही आहे. साथीच्या पहिल्याच वर्षात जगभर चिंताविकार आणि नैराश्य यांचे प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी वाढले, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली प्रसिद्ध केले. हा श्रद्धेचा नव्हे, आजाराचा प्रश्न आहे.

अर्जुनाने काय केले ते पाहावे. आपली बुद्धी भांबावली आहे हे त्याने कबूल केले आणि ‘मी तुझा शिष्य आहे, मला सांग’ अशा अर्थाने तो शरण गेला. त्या क्षणापर्यंत भगवंतांनी उपदेशाला आरंभ केलेला नव्हता. विचारल्यावाचून गीता सुरूच झाली नाही! गांडीवधारी अर्जुनाला जे लाजिरवाणे वाटले नाही, ते साध्या गृहस्थाला का वाटावे? मनाच्या वैद्याकडे जाणे हे ताप आला असता वैद्याकडे जाण्यासारखेच आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून भारत सरकारने ‘टेली-मानस’ ही सेवा सुरू केली आहे. १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनी केल्यास अनेक भारतीय भाषांतून विनामूल्य सल्ला मिळतो. हा क्रमांक घरात सर्वांना दिसेल अशा जागी लिहून ठेवावा.

उपसंहार

दुसऱ्या अध्यायात जी स्मृती भ्रष्ट होते, तीच अठराव्या अध्यायाच्या शेवटी परत मिळते. मोह गेला, स्मृती लाभली, संशय उरला नाही, असे सांगून अर्जुन उभा राहतो. या मधल्या काळात बाहेरचे काय बदलले? काहीच नाही. तेच रणांगण, तेच सैन्य, तेच स्वजन समोर. बदलला तो केवळ पाहणारा. कोविडच्या आणीबाणीची समाप्ती जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी घोषित केली. परंतु साथी यापूर्वी आल्या होत्या आणि यापुढेही येतील. रोगाला दारात अडविणे नेहमीच आपल्या हाती असेल असे नाही. भय दारातून आत आले असता त्याला क्रोधाच्या खोलीत जाऊ न देणे मात्र प्रत्येकाच्या हाती आहे. शांततेच्या दिवसांत ज्याने हा अभ्यास केला, त्याला संकटाच्या रात्री आपला धर्म आठवेल. आणि कोणाची अंत्ययात्रा त्याच्या गल्लीतून जात असेल, तेव्हा त्याचे हात दगडाकडे न जाता जोडले जातील.

स्वाध्यायासाठी प्रश्न

१. गेल्या साथीत आपल्या मनातील कोणते भय क्रोधाच्या रूपाने बाहेर पडले, आणि ते कोणावर?

२. त्या भयाच्या मुळाशी कोणती आसक्ती होती?

३. आपण दुसऱ्यास सांगितलेल्या कोणत्या वार्तेने त्याचा उद्वेग वाढला, आणि कोणत्या शब्दाने तो शमला?

४. चतुर्विध साधनेपैकी कोणती एक आजपासून आरंभता येईल?

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥